फायब्रोमायल्जिया आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाविद्यालयात मी बावीस वर्षं जीवरसायनशास्त्र शिकवलं, आणि गेली नऊ वर्षं मला स्वतःला फायब्रोमायल्जिया आहे. त्यामुळे हा आजार असलेल्या ओळखीच्या बायका एक प्रश्न हमखास माझ्याकडे घेऊन येतात : "हे सगळं फ्री रॅडिकल्समुळे होतं म्हणे, खरं का?" बहुतेक वेळा विचारणारीच्या पर्समध्ये कुठल्यातरी अँटिऑक्सिडंट गोळ्यांची बाटली असते. मी डॉक्टर नाही. कुणी कोणतं औषध घ्यावं हे मी सांगणार नाही. पण रसायनशास्त्र काय म्हणतं, प्रयोगांत काय दिसलं आणि त्यावरून काय सिद्ध होत नाही, एवढं मला नीट सांगता येतं.

फायब्रोमायल्जिया म्हणजे संधिवातच ना?

नाही. आमवातासारख्या संधिवातात सांधे सुजतात, गरम लागतात आणि उपचार झाले नाहीत तर वाकडे होतात. फायब्रोमायल्जियात सांधे शाबूत असतात. दुखतं ते सगळं अंग. कुणी म्हणतं अंग ठणकतं, कुणी म्हणतं कुणीतरी बदडून काढल्यासारखं वाटतं. माझ्या एका मैत्रिणीचे शब्द मला सगळ्यात नेमके वाटतात : "ताप येण्याआधी जी कणकण असते ना, ती रोज असते, आणि ताप मात्र कधीच येत नाही." सोबत आठ तास झोपूनही न उतरणारा थकवा, आणि बोलता बोलता साधा शब्द न आठवणं, गॅसवर दूध ठेवून विसरणं.

१९९० साली अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने निदानाचे निकष ठरवले. शरीरावरच्या ठरावीक १८ जागा साधारण ४ किलोच्या दाबाने दाबायच्या, त्यातल्या ११ दुखल्या आणि अंगभर दुखणं निदान तीन महिने टिकलेलं असलं तर फायब्रोमायल्जिया. २०१० मध्ये दाबून बघण्याची अट गेली. आता दुखणाऱ्या भागांची मोजणी करतात आणि थकवा, झोप, विसराळूपणा यांना गुण देतात. यात रक्ताची एकही चाचणी नाही, हे लक्षात असू द्या.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. मग दुखतंय कुठून?

चेतासंस्थेतून. मेंदू आणि मेरुरज्जू येणारा संदेश वाढवून ऐकतात. २००२ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. रुग्णांच्या आणि निरोगी लोकांच्या अंगठ्याच्या नखावर दाब देऊन त्याच वेळी त्यांच्या मेंदूचं एमआरआय चित्रण केलं. निरोगी माणसाच्या मेंदूतले वेदनेचे भाग ज्या जोरदार दाबाने जागे होत होते, ते रुग्णांत बऱ्याच हलक्या दाबाने जागे झाले. म्हणजे रुग्ण वाढवून सांगत नव्हते, त्यांचा मेंदूच तसं ऐकत होता. मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात वेदनेचा निरोप पोचवणारा 'सबस्टन्स पी' हा पदार्थही अशा रुग्णांत जास्त सापडलेला आहे.

मला निदान मिळायला साडेतीन वर्षं लागली. त्यात एका ठिकाणी माझी फाइल न उघडता "घरात काही टेन्शन आहे का?" एवढंच विचारलं गेलं. हे चित्रण तोवर कधीच प्रसिद्ध झालेलं होतं.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे मनावरचा ताण का?

इथे 'स्ट्रेस' शब्दाने मोठा घोटाळा केला आहे. हा ताण पेशीवरचा, रासायनिक.

शाळेत आपण तंतुकणिका शिकलो, म्हणजे मायटोकाँड्रिया. अन्नातली ऊर्जा ऑक्सिजनच्या मदतीने सोडवून घेणाऱ्या या पेशीतल्या चुली. चूल म्हटली की ठिणगी आलीच. काही ऑक्सिजन अर्धवट वापरला जातो आणि त्यातून सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असे आक्रमक रेणू तयार होतात. यांतल्या काहींना फ्री रॅडिकल्स किंवा मुक्त मूलकं म्हणतात. ठिणग्या विझवायला पेशीकडे विकरं, म्हणजे एन्झाइम्स, असतात : सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटलेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज. ठिणग्या जास्त आणि विझवणारे कमी अशी स्थिती आली की तिला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणायचं. हा शब्दप्रयोग १९८५ साली जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट सीस यांनी रूढ केला.

वर्गात मी खोबऱ्याचं उदाहरण देत असे. डब्यात राहिलेलं खोबरं, दाण्याचं कूट खवट होतं, कारण त्यातल्या मेदाचं ऑक्सिडीकरण होतं. आपल्या प्रत्येक पेशीचं आवरण मेदाचंच असतं, आणि तेही असंच खवट होऊ शकतं. ही नुसती उपमा नाही. खवटपणात तयार होणारा मॅलॉनडायअल्डिहाइड नावाचा पदार्थ मोजायची जी पद्धत आहे, तीच अन्नप्रयोगशाळेत खवट पदार्थांसाठीही वापरतात. नमुन्यात थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून तापवायचं. गुलाबी रंग जितका गडद, तितका खवटपणा जास्त.

फायब्रोमायल्जियाशी याचा संबंध कसा जोडला गेला?

सुरुवात स्नायूंपासून झाली. १९८६ साली स्वीडनमध्ये रुग्णांच्या खांद्याच्या स्नायूंचे बारीक तुकडे तपासले तेव्हा त्यांत एटीपी आणि फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे पेशीची रोख ऊर्जा, कमी दिसली. ऊर्जा कमी म्हटल्यावर संशय तंतुकणिकांवर जाणारच.

मग रक्ताकडे लक्ष गेलं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुर्कस्तानातल्या एका अभ्यासात फायब्रोमायल्जिया असलेल्या ८५ स्त्रिया आणि त्याच वयाच्या, वजनाच्या ८० निरोगी स्त्रिया होत्या. रुग्णांत मॅलॉनडायअल्डिहाइड जास्त आणि सुपरऑक्साइड डिसम्युटेज कमी आढळलं. ठिणग्या जास्त, विझवणारे कमी, अगदी पाठ्यपुस्तकातल्यासारखं. त्या निबंधाच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह होतं, आणि मला ते प्रामाणिकपणाचं वाटतं. पुढे स्पेनमधल्या सेव्हिलच्या गटाने रुग्णांच्या रक्तपेशींत कोएन्झाइम क्यू-१० कमी असल्याचं नोंदवलं. हा रेणू तंतुकणिकांतल्या ऊर्जानिर्मितीत इलेक्ट्रॉन वाहून नेतो आणि अँटिऑक्सिडंटचं, म्हणजे ठिणग्या विझवण्याचंही काम करतो.

पेशीतला मेद खवट झाला तर अंग का दुखेल?

मला सगळ्यात गुंतवून ठेवणारा भाग हाच आहे. इथे तीन वाटा दिसतात.

पहिली वाट मोहरीची. फोडणीत मोहरी जास्त तडतडली किंवा ताजी वाटलेली मोहरी हुंगली की नाकात जो झणका जातो, तो चेतातंतूवरच्या एका दारामुळे. शास्त्रज्ञ त्याला टीआरपीए-१ म्हणतात. मोहरीतलं तिखट रसायन ते दार उघडतं आणि 'दुखतंय' असा निरोप निघतो. पेशीतला मेद खवट होताना मॅलॉनडायअल्डिहाइडबरोबर ४-हायड्रॉक्सिनोनेनाल नावाचा पदार्थही तयार होतो, आणि तोसुद्धा नेमकं हेच दार उघडतो. हायड्रोजन पेरॉक्साइडही उघडतो. म्हणजे बाहेरून काही न लागता, न सुजता, आतल्या रसायनाने वेदनेचा तंतू चेतवला जाऊ शकतो. हे प्रथम वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ तशीच बसून होते. अंगभर मोहरीचा झणका, असं मी माझ्या दुखण्याचं वर्णन करू शकले असते.

दुसरी वाट स्नायूंची. आकुंचन पावायला स्नायूला एटीपी लागतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण सैल व्हायलाही लागतं, कारण आत आलेलं कॅल्शियम पंपाने परत साठ्यात टाकावं लागतं. ऊर्जा कमी पडली की स्नायू पुरता सैल पडत नाही आणि लवकर थकतो. सकाळी उठताना पाठ फळीसारखी का असते, याचं हे एक संभाव्य उत्तर.

तिसरी वाट मेरुरज्जूतली. सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड एकत्र आले की पेरॉक्सिनायट्राइट बनतं, आणि ते तंतुकणिकांतलं सुपरऑक्साइड डिसम्युटेजच निकामी करतं. आग विझवणाऱ्यालाच जायबंदी करण्याचा प्रकार. उंदरांवरच्या प्रयोगांत असं झालं की मेरुरज्जू वेदनेला जास्त संवेदनशील होतो, आणि पेरॉक्सिनायट्राइट काढून टाकलं की ती संवेदनशीलता उतरते.

तिन्ही वाटांचे तुकडे प्रयोगशाळेत दिसलेले आहेत. फायब्रोमायल्जियाच्या रुग्णात पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंतची अखंड साखळी मात्र कुणी दाखवलेली नाही.

एवढं सगळं जुळतंय, मग 'हेच कारण' असं का म्हणत नाही?

कारण उलटं वाचलं तरीही ते तितकंच जुळतं. सतत दुखणारं माणूस कमी हलतं, नीट झोपत नाही, वजन वाढतं, मन खचतं. यांतली प्रत्येक गोष्ट एकट्यानेही रक्तातला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढवते. मग मॅलॉनडायअल्डिहाइडमुळे दुखणं आलं की दुखण्यामुळे मॅलॉनडायअल्डिहाइड वाढलं? वर सांगितलेल्यासारखे अभ्यास रुग्णाला एकदाच बघतात, एकदाच रक्त घेतात. एका फोटोवरून आधी कोण आलं ते कळत नाही.

शिवाय हा खवटपणा मधुमेहात वाढतो, आमवातात वाढतो, नैराश्यात वाढतो, धूम्रपान करणाऱ्यांत वाढतो. धूर दिसला म्हणजे कुठेतरी जळतंय एवढं कळतं, काय जळतंय ते कळत नाही. आणि सगळे अभ्यास एकसारखं बोलत नाहीत. काहींत विकरं कमी दिसली, काहींत फरकच दिसला नाही. त्या गुलाबी रंगाचीही मर्यादा आहे : थायोबार्बिट्युरिक आम्ल साखरेसारख्या इतर पदार्थांशीही रंग देतं.

म्हणून माझं मत असं : ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस या आजारात आहे, बहुधा तो आजार चालू ठेवायला हातभारही लावतो. पण आजाराचं मूळ तोच, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्याच्याकडून काही विकत घेऊ नका.

रक्तातला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस तपासून घेऊ का?

नको. नॉर्मल कुठे संपतं आणि आजार कुठे सुरू होतो याची मान्य रेषा नाही. नमुना किती वेळ बाहेर राहिला यावरही आकडा हलतो. आणि आकडा काहीही आला तरी उपचार बदलत नाहीत.

तेच पैसे साध्या तपासण्यांवर घाला, कारण फायब्रोमायल्जियासारखं दिसणारं पण बरं होणारं दुखणं त्यात सापडू शकतं : हिमोग्लोबिन, अंगातला दाह दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी, थायरॉइडसाठी टीएसएच, साखर, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. ड जीवनसत्त्व फार कमी झालं की हाडं मऊ पडतात, मांड्या आणि कंबर दुखते, जिना चढवत नाही. आपल्याकडे भरपूर ऊन असूनही ही कमतरता सर्रास आढळते.

कोलेस्टेरॉलची गोळी घेतल्यापासून स्नायू दुखतात. ते हेच का?

वेगळं असू शकतं. स्टॅटिन गटाची औषधं शरीरात कोलेस्टेरॉल बनण्याचा मार्ग अडवतात, आणि कोएन्झाइम क्यू-१० त्याच मार्गावर पुढे बनतं, म्हणून तेही कमी होतं. दुखणं गोळीनंतर सुरू झालं असेल तर डॉक्टरांना तारखेसकट सांगा. स्वतःच्या मनाने गोळी थांबवू नका. हृदयाचं रक्षण हा छोटा विषय नाही.

मग अँटिऑक्सिडंट गोळ्या घ्याव्यात की नाही?

कोएन्झाइम क्यू-१० बद्दल बोलू, कारण बाटली बहुधा त्याचीच असते. २०१३ साली स्पेनमधल्या एका चाचणीत रोज ३०० मिलिग्रॅम, ४० दिवस दिलं, आणि वेदना, थकवा कमी झाल्याचं नोंदवलं गेलं. चाचणीत एकूण माणसं किती? २०. त्यांचेही दोन गट. एवढ्या थोड्या माणसांत एखाद-दोघींना योगायोगाने बरं वाटलं तरी निकाल झुकतो. ही दिशा तपासण्याजोगी नक्कीच आहे, पण तेवढ्यावर दर महिन्याचा खर्च बसवावा असा हा पुरावा नाही. घ्यायचंच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या, विशेषतः रक्त पातळ करणारं वॉर्फरिन चालू असेल तर, कारण त्याच्या परिणामात फरक पडू शकतो. तीन महिन्यांची मुदत ठरवा, दुखण्याची रोजनिशी ठेवा, फरक नसेल तर थांबा. मी स्वतः ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम पाच महिने घेतलं. रोजनिशीत काहीही बदललं नाही.

'नुकसान तर होणार नाही ना' हे गृहीत धरू नका. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. अँटिऑक्सिडंट म्हणून बीटा-कॅरोटिन दिलं तर फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी आशा होती. १९९४ मध्ये निकाल आला : तो १८ टक्क्यांनी जास्त झाला. विझवणारं जास्त झालं तर भलंच होईल, हा हिशेब शरीरात असा सरळ चालत नाही. पेशी ठिणग्यांचा वापर निरोप देण्यासाठीही करते, जंतू मारण्यासाठीही करते.

ग्लुटाथायोनची ड्रिप लावतात, तिचं काय?

फायब्रोमायल्जियासाठी तिचा भरवशाचा पुरावा नाही. ती त्वचा उजळण्याच्या नावाखाली विकली जाते आणि तिच्यासोबत क जीवनसत्त्वाचा मोठा डोसही दिला जातो. जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या माणसाच्या लाल पेशी अशा डोसने फुटू शकतात, आणि अनेकांना आपल्यात ही कमतरता आहे हे माहीतच नसतं. मूत्रपिंडात ऑक्झलेटचे खडेही होऊ शकतात. शिरेत सुई घालण्याइतकं यात काही नाही.

आहारात काय बदल करू?

फायब्रोमायल्जिया बरा करणारा आहार नाही. पण चुलीत ओलं लाकूड घालू नये एवढं करता येतं. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. खवट मेद पोटात घालण्याचा तो राजमार्ग आहे. जवसाची चटणी चांगली, पण जवसाचा मेद फार लवकर खवट होतो, म्हणून आठवड्यापुरतीच कुटा आणि झाकण घट्ट लावा. आवळा, पेरू, शेवग्याचा पाला, मेथी, डाळी, भाकरी हे आपल्या ताटात होतंच, ते परत आणा. हळद जेवणात असू द्या. तिच्या गोळ्यांतलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं. अश्वगंधा 'नैसर्गिक आहे' म्हणून परस्पर सुरू करू नका. तिने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि थायरॉइडवरही ती परिणाम करू शकते.

व्यायामाने फ्री रॅडिकल्स वाढतात असं वाचलं. मग व्यायाम नको ना?

वाढतात, हे खरं आहे. आणि बरेचदा फायदा होतो तोही त्यामुळेच.

व्यायामाच्या वेळी ठिणग्या वाढल्या की पेशी तो इशारा ओळखते आणि पुढच्या वेळेसाठी स्वतःची विझवणारी विकरं वाढवते, नव्या तंतुकणिका बांधते. २००९ मध्ये जर्मनीत हे फार सुंदर पद्धतीने दिसलं. तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम दिला. त्यांतल्या काहींना रोज क जीवनसत्त्व १००० मिलिग्रॅम आणि ई जीवनसत्त्व ४०० युनिट दिलं. ज्यांना गोळ्या दिल्या नाहीत त्यांच्यात इन्सुलिनचं काम सुधारलं. गोळ्या घेणाऱ्यांत ती सुधारणा झालीच नाही. ठिणगी विझली, तशी शिकवणीही बुडाली. ती निरोगी माणसं होती, फायब्रोमायल्जियाचे रुग्ण नव्हते, हे ध्यानात ठेवूनही मला हा प्रयोग महत्त्वाचा वाटतो.

युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे युलारने, २०१७ साली फायब्रोमायल्जियासाठी सुधारित शिफारशी दिल्या. त्यांत ठाम शिफारस एकाच गोष्टीची आहे : व्यायाम. औषधांची शिफारस त्याहून दुबळी आहे.

आता खरी अडचण. पहिल्या दिवशी उत्साहाने बारा सूर्यनमस्कार घातले की पुढचे चार दिवस अंथरुण. मी गच्चीवर पाच मिनिटांच्या चालण्यापासून सुरुवात केली आणि आठवड्याला एकच मिनिट वाढवलं. बऱ्या दिवशी जास्त केलं नाही, वाईट दिवशी पूर्ण बंद केलं नाही. पाण्यातला व्यायाम ज्यांना मिळू शकतो त्यांनी तो जरूर करावा. आणि "घरकाम होतं तेवढा व्यायाम पुरे" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. वाकून केर काढणं आणि तासभर ओट्यापाशी उभं राहणं हे ओझं आहे. त्यात हळूहळू वाढ नाही आणि विश्रांती आपल्या हातात नाही.

औषधं काय करतात?

डॉक्टर बहुधा अमिट्रिप्टिलीन, ड्युलॉक्सेटिन किंवा प्रीगॅबालिन यांतलं एखादं देतात. ती चेतासंस्थेतला वाढलेला आवाज कमी करायला मदत करतात, सगळ्यांना करत नाहीत. ड्युलॉक्सेटिन नैराश्यावरही वापरतात. चिठ्ठीवर ते दिसलं म्हणजे डॉक्टरांनी तुम्हाला मनोरुग्ण ठरवलं असं नाही. स्टेरॉइडचा फायब्रोमायल्जियात उपयोग नाही.

पुढचं संशोधन कुठे चाललंय?

२०१३ मध्ये बोस्टनमध्ये २७ रुग्णांच्या त्वचेचे नमुने तपासले तेव्हा ४१ टक्क्यांमध्ये बारीक चेतातंतू विरळ झालेले दिसले. २०२१ मध्ये ब्रिटन आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, उंदरांना दिली, तर उंदीर दाबाला आणि थंडीला जास्त दुखरे झाले. मला वाटतं मूळ एकच निघणार नाही. काहींत प्रतिपिंडं, काहींत चेतातंतू, काहींत तंतुकणिका, आणि खवटपणा यांतल्या बहुतेकांच्या वाटेवर भेटणारा.

कोणती लक्षणं फायब्रोमायल्जियावर ढकलू नयेत?

एकदा हे नाव चिकटलं की प्रत्येक नवं दुखणं त्याच खात्यावर टाकलं जातं, घरच्यांकडूनही आणि आपल्याकडूनही. ताप, कारण नसताना घटलेलं वजन, सुजलेला गरम सांधा, सकाळी तासाहून जास्त टिकणारी बोटांची आखड, हातापायातली शक्ती जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, छातीत दुखणं, रात्री झोपेतून उठवणारं एकाच जागचं दुखणं : यांपैकी काहीही दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. शक्ती किंवा ताबा जात असेल, किंवा छातीत दुखत असेल, तर तडक रुग्णालयात जा, आणि तिथे "मला फायब्रोमायल्जिया आहे" हे सांगण्याआधी "हे दुखणं नवीन आहे" हे सांगा.